जकात नाका, गगनबावडा

भिंतीवर चुन्याच्या खाली अजून वाचता येतं :
'ओझे खाली ठेवावे. मग बोलावे.'
धैर्यशील म्हणाला, रंगाऱ्याला दम देऊन एवढं राखलंय,
पाहुणे फोटो काढतात.

आम्ही सात जणी. खाली ठेवलं :
गुडघ्याचे पट्टे, इन्सुलिनची बर्फाची पिशवी,
शालनच्या सुनेनं दिलेल्या, तिला न आवडणाऱ्या चकल्या,
हसीनाची चटणीची बरणी, फडक्यात दोनदा गुंडाळलेली.

संस्थानच्या काळात इथं मीठ तोलायचे.
बैलांच्या पाठीवरून घाट चढून यायचं,
आणि आपला गूळ त्याच वाटेनं खाली उतरायचा.
तुळईला काट्याचा आकडा आहे अजून, मनगटाएवढा.
त्याला आता वेताचा दिवा.
कारकून बसायचा त्या खोलीत कमोड.
"बरोबर हाय की," शालन म्हणाली,
"तिथं बसल्याबिगर कुणाचं काम झालंय?"
हसलो. जरा जास्तच हसलो.

खाटा आठ.
वत्सलानं श्रावणात आगाऊ भरले होते, आठ जणींचे,
पावतीवर तिची ती उजवीकडं कललेली सही.
दिवाळी तिनं बघितली नाही.
आठव्या खाटेवर आम्ही पिशव्या टाकल्या,
ओले टॉवेल, कुणाची तरी कानटोपी.
रात्री थंडीनं उठले तेव्हा
पिशव्या सगळ्या जमिनीवर भिंतीला लावून,
आणि चादर ताठ, कोपरे दुमडलेले.
सकाळी कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

एकतीस वर्षं एका लांबट खोलीत बसलो आम्ही,
कानात एकेक गाव घालून.
ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग.
कुणाचा बाप गेला हे त्याच्या लेकीच्या आधी
आम्हांला कळायचं,
आणि आम्ही म्हणायचो, तीन मिनिटं झाली. वाढवू?
असं म्हणायला शिकवलं वत्सलानंच.
रडणाऱ्याला थांबवायचं नाही, ती म्हणायची,
फक्त वेळ सांगायची.

'येथून समुद्र दिसतो' असं जाहिरातीत होतं.
दुसऱ्या संध्याकाळी कड्यावरच्या बाकावर
शाली लपेटून सात जणी ओळीनं,
बोर्डापुढं बसायचो तशाच.
खाली कोकण, निळ्यावर निळं रचून ठेवलेलं.
"त्यो बघ."
"धुकं ते."
"धुकं चमकतंय व्हय?"
"मग कुणाचे तरी पत्रे असतील."
मंदाकिनीनं चष्मा पुसला, परत घातला, परत पुसला.
मग सूर्य बोटभर खाली सरकला
आणि पार टोकाला
चाकूच्या पात्यासारखी एक रेघ उजळली, लांबच लांब.
पत्र्याची नव्हती ती.
कुणी बोललं नाही. हसीनानं माझा हात धरला,
तिचे हात नेहमीच गार.
रेघ विझली.
"दोन मिनिटं चाळीस," मंदाकिनी म्हणाली,
घड्याळाकडं न बघता.
पलीकडून कुणीतरी, अगदी हळू, जुन्या आवाजात :
वाढवू?

रात्री पांढऱ्या रश्शात मीठ कमी होतं.
जकात नाक्यात मीठ कमी, यावरून बराच वेळ चाललं.

निघताना धैर्यशीलनं बिल आणलं, सात जणींचं,
एकीचे पैसे परत, पाकिटात घालून.
शालन भांडली त्याच्याशी.
तो म्हणे, आजी, माणूस आलंच नाही तर मी घेऊ कसे?
ती म्हणे, तू मोजायला होतास का रात्री?
पोरगं गोंधळलं. पाकीट त्याच्याच खिशात गेलं शेवटी.

एसटीत खिडक्या लागत नव्हत्या.
साळवणला रेंज आली
आणि सात पिशव्यांतून सात फोन एकदम सुरू झाले,
मुलगे, सुना, बँक, कुणाकुणाचे.
कंडक्टर वळून बघायला लागला.
साळवण सुटेपर्यंत
एकीनंही उचलला नाही.